चढावरची टिकटिक

१

किल्ली फिरवताच घनश्यामच्या कपाळाला आठी पडली. इंजिनाच्या वरच्या झाकणाखालून टिकटिक येत होती, कुणी चमच्याने वाटी वाजवत बसावं तशी. पेडल दाबलं की भरभर, सोडलं की सावकाश. मागून निळसर धूरही निघत होता.

गाडी त्याच्या वडिलांची, जुनी अँबॅसिडर. वडील गेल्यावर ती मळ्याकडच्या शेडमध्ये झाकून ठेवलेली होती. यंदा यवतमाळला दिलेली लेक अर्पिता बाळंत झाली, मुलगी झाली, आणि नातीला आपल्या बापाच्या गाडीतूनच घरी आणायचं असं घनश्यामच्या मनाने घेतलं. त्याने नागपूरच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून कोरे व्हॉल्व आणि पुशरॉड हुडकून आणले. ते बसवले खेमसिंगने. महागाव रोडवर खेमसिंगचं गॅरेज, राहायला गावाबाहेरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर, आणि घनश्यामशी दोस्ती शाळेपासूनची. त्याने इंजिन असं जुळवून दिलं की चालू आहे की बंद, ते हात लावून पाहावं लागे. सव्वा महिना झाल्याशिवाय बाळंतिणीला हलवायचं नव्हतं. बायको लेकीजवळ यवतमाळलाच राहिली आणि गाडी शेडमध्ये वाट पाहत उभी राहिली. तिला कुणी हात लावला नव्हता.

निदान घनश्यामची तशी समजूत होती. त्या रविवारी तो गाडीत बसला तेव्हा त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागले. त्याने खालचा खटका ओढून सीट मागे सारलं, खाली झुकलेला आरसा सरळ केला, आणि किल्ली फिरवली. मग ती टिकटिक सुरू झाली आणि बाकी सगळं तो विसरला.

खेमसिंग त्या दिवशी माहूरला गेला होता. घनश्यामला दम निघेना. त्याने महागावच्या सोनू मिस्त्रीला फोन करून बोलावलं. सोनूने लांब पेचकसाचं टोक झाकणावर ठेवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. झाकण काढून फटी जुळवल्या, पण गाडी सुरू केली तर टिकटिक आहे तशीच.

"भाऊ, माल कोनी बसवला?" हात पुसत सोनूने विचारलं.

"खेमसिंगनं. कोरा माल होता."

"कोरा माल असा बोंबलत नाही," सोनू म्हणाला. "आंदर तुमचाच माल हाये का, ते पाहून घ्या."

पाहून घ्यायला पाहिजे होतं. घनश्यामने पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तडक खेमसिंगच्या गॅरेजवर गेला. समोरच्या टपरीवर चहा पिणारी माणसं होती, खेमसिंगची मुलगी राखी बापाचा डबा घेऊन आली होती. त्या सगळ्यांसमोर घनश्याम ओरडला, "माहा माल इकून खाल्ला तू! चोर हायेस तू, चोर!"

खेमसिंगला आधी वाटलं, मस्करी आहे. तो हसला. त्या हसण्याने घनश्याम आणखी पेटला आणि त्याच्या तोंडून पुढचं वाक्य गेलं. "तुम्हा तांड्यावाल्याईच्या रक्तातच हाये हे."

टपरीवरची बडबड थांबली. खेमसिंगने हातातला पाना खाली ठेवला. राखीच्या खांद्यावर हात ठेवून तिला बाहेर घेतलं, शटर ओढलं आणि दोघं तांड्याच्या वाटेने चालू लागले. जाताना राखीने एकदा वळून पाहिलं. लहानपणापासून ती त्याला काका म्हणत आली होती.

घरी येऊन त्याने आईला सगळं सांगितलं. वच्छलाबाई ऐकत राहिल्या आणि आत गेल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. घनश्यामलाही घास गेला नाही, पण त्याने स्वतःची समजूत घातली, की हा राग आहे.

दोन दिवस खेमसिंगचं शटर उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी घनश्यामच्या अंगणात एक उंच, पांढऱ्या मिशांचा म्हातारा येऊन उभा राहिला.

"चोरी तुमच्याच घरची ना?" तो म्हणाला. "मी तपासाले आलो."

२

म्हातारा म्हणजे हरिसिंग, खेमसिंगचा चुलता. पोलीस खात्यातून फौजदार होऊन निवृत्त झालेला आणि ते कुणाला विसरू न देणारा. अजून इस्त्रीचा सफारी घाले आणि प्रत्येकाकडे, तो आपल्यापासून काही लपवतोय अशा नजरेने पाही.

"घनश्यामराव, दोन रस्ते हायेत," खाटेवर बसत तो म्हणाला. "एक, चला ठाण्यात, चोरीची तक्रार द्या. दुसरा, माह्यासमोर इंजिन उघडा. आन ज्यानं चोरी सांगतली त्याच्याच हातानं उघडा."

घनश्यामला नाही म्हणता येईना. सोनू मिस्त्री आला तोवर घनश्यामचा मुलगा अमर आणि साल धरून असलेला गडी रामधन हेही शेडपाशी येऊन उभे राहिले. वच्छलाबाई ओसरीवर तूर निवडत होत्या. तिथून शेड समोरच दिसत होतं.

सोनूने झाकण काढलं, रॉकरची दांडी उतरवली आणि खालचे बारीक, लांब पुशरॉड एकेक करून वर ओढले. हरिसिंगने ते टेबलावर ओळीने मांडले.

"आता सांगा. हा माल तुमचा का दुसऱ्याचा? वळखनार कसे?"

घनश्यामने पुशरॉडवरून नजर काढली. ओळखायची खूण होती, पण ती सांगायची लाज वाटत होती.

"बाबा, सांगा ना," अमर म्हणाला.

"वरच्या टोकाले कानसीची रेघ हाये," घनश्याम कसाबसा म्हणाला. "मीच मारली होती. माल त्याच्या हाती देन्याच्या पह्यले."

हरिसिंगने चष्मा नाकावर सरकवला. एकेक पुशरॉड उचलून उजेडात धरला. प्रत्येकावर बारीकशी रेघ होती. व्हॉल्वच्या दांड्यांची डोकीही त्याने भिंग लावून पाहिली. तिथेही ती होती.

"माल तर सगळा तुमचाच निंगला." त्याने भिंग खिशात टाकलं. "म्हंजे दोस्ताले माल देतानाच तुम्ही चोर धरून बसले होते. तो बिचारा मनापासून काम करत होता आन तुम्ही रेघा मारून मोकळे."

घनश्यामला वाटलं, आता हा उठेल आणि जाईल. जाऊ दे. पण हरिसिंग उठला नाही. टेबलावर काच होती. तिच्यावर तो पुशरॉड एकेक करून गडगडवू लागला. सगळे सरळ गेले. एक मात्र काचेवर थडथडत, उड्या मारत गेला आणि काठावरून खाली पडला.

"याले काय झालं?"

सोनूने तो उचलून एक डोळा मिटून पाहिला. त्याचाही चेहरा उतरला होता. "वाकला हाये. म्हनून फट रायली, म्हनून टिकटिक. माही चूक झाली भाऊ. मी रविवारीच काढून पाह्याले पाह्यजे होता."

"असा आपोआप वाकते?"

"नाही. खालून इंजिन याले लोटते आन वर व्हॉल्व दाबते. व्हॉल्व जाम झाला का मधातला हा वाकते. पन कोरा व्हॉल्व जाम काहून होईन?"

त्याने त्या पुशरॉडचा व्हॉल्व हातोडीच्या दांड्याने दाबून पाहिला. दुसरे सगळे टपकन वर येत होते, हा मात्र रेंगाळत, चिकटत वर आला. सोनूने कार्बोरेटर उतरवून आत बॅटरीचा उजेड टाकला. व्हॉल्वच्या दांडीवर तपकिरी चिकटा जमला होता, बाभळीच्या डिंकासारखा.

हरिसिंगने टाकीतलं पेट्रोल एका काचेच्या बाटलीत काढायला लावलं. ते स्वच्छ नव्हतं, निळसर गढूळ होतं. त्याने वास घेतला, पुन्हा घेतला आणि बाटली घनश्यामच्या नाकाशी धरली. वर शिळ्या वार्निशाचा वास होता. त्याखाली दुसरा एक होता, जो यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही कापूसवाल्याला झोपेतही ओळखू येईल. कपाशीवर औषध मारायच्या पंपात पेट्रोलबरोबर ऑइल घालतात, त्याचा. घनश्यामचा पंप गुरांच्या कोठ्यात असे.

"शिळं झालं. यानंच चिकटा धरला," हरिसिंग म्हणाला. "आन हे पेट्रोल रस्त्यावरचं नाही, घनश्यामराव. हे तुमच्या कोठ्यातून आलं हाये."

३

हरिसिंगने मग ओसरीवर बैठक मारली आणि घरातल्या एकेकाला समोर बसवलं. घनश्याम बाजूला उभा. प्रत्येकाला तो फौजदार तोच एक प्रश्न विचारी आणि तो प्रश्न घनश्यामला खुळचट वाटे: गाडीचा आवाज कसा येत होता?

रामधन आधी. "मी कापूस येचनीवर होतो सायेब. येचनाऱ्या बायाईच्या मांगं कोन राह्यलं असतं? रविवारी शेडात मालक गाडी चालू करून राह्यले होते, तवा आयकली. टिक, टिक. बस."

"कोठ्यात फवारनीचं पेट्रोल राह्यते का, डबक्यात?"

"मांगच्या सालचं हाये. फवारनी झाली आन उरलं. ऑइल म्याच टाकलं त्यात, अमरभाऊच्या समोर. फेकतो फेकतो म्हनत राह्यलं तसंच." तो कोठ्यात जाऊन डबकं, प्लास्टिकचा एक जुना कॅन, घेऊन आला आणि हलवून दाखवत गोंधळला. "अबे, हे तर रिकामं झालं."

मग अमर. तो पुसदला कॉलेजला मोटरसायकलने जाई-येई. "रविवारी घरीच होतो. शेडातला आवाज आयकला. टिकटिक होती, अजून काय?"

"गाडी चालवता?"

"येते चालवाले. पन बाबा किल्लीले हात लावू देत नाहीत. दोस्ताईले घिऊन यवतमाळले जातो म्हनलं होतं, तर नाही म्हनले."

"किल्ली राह्यते कुठं?"

"देवघराच्या खुंटीले."

वच्छलाबाईंना हरिसिंगने उठू दिलं नाही. स्वतःच सरकून त्यांच्या सुपापाशी बसला. त्या ठेंगण्या, हलक्या अंगाच्या, नऊवारीतल्या. त्यांनी चहा आणवला आणि तूर निवडतच उत्तरं दिली.

"वैनी, तुम्ही आयकला का आवाज?"

"आयकला ना. सकाळी थंडी असली का जोरात येते. गरम झाली का जराशी कमी होते. चढावर मातर लईच. जसं कोनी कानापाशी ताट वाजवून राह्यलं."

"आन डबक्याचं?"

"डबक्याचं मले काय इचारता?" त्यांची बोटं थांबली. "खेमसिंग काय करून राह्यला? जेवला का तो?"

"जेवते. पन दुकान उघडाले तयार नाही. म्हनते, पुण्याकडं जातो, कंपनीत लागतो. अथी आता कोन गाडी देईन मले?"

वच्छलाबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि पदराने चेहरा पुसला. हरिसिंगने कपातला उरलेला चहा बशीत ओतला आणि फुंकत फुंकत प्यायला.

घनश्यामला तो वेळ सोसवेना. आता सगळं त्याला लख्ख दिसत होतं. घरातलं पेट्रोल, खुंटीवरची किल्ली आणि गाडी चालवता येणारा, नकार मिळालेला एक माणूस. तो अमरसमोर जाऊन उभा राहिला.

"तू नेली गाडी. चोरून नेली आन पेट्रोल संपलं म्हनून डबकं वतलं. तुह्यापायी मी माह्या दोस्ताले चोर म्हनलो!"

"बाबा, मी नाही नेली."

"खोटं नको बोलू!" आणि त्याचा हात वर गेला. अमर हलला नाही. तो बापापेक्षा बोटभर उंच होता आणि त्याने नुसते डोळे मिटून घेतले.

"मारू नको त्याले!" ओसरीवरून वच्छलाबाई ओरडल्या. असा आवाज त्यांचा कुणी कधी ऐकला नव्हता.

हरिसिंगने घनश्यामचं मनगट हवेतच धरलं होतं. "एका हप्त्यात दोन चोर? बस करा घनश्यामराव. याही बारीले चुकीचाच मानूस धरला तुम्ही."

४

हरिसिंगने त्याला शेडच्या मागे, मळ्याच्या धुऱ्यावर, बांधापाशी नेलं. तिथून एक गाडीवाट घनश्यामच्याच शेतातून वर पाझर तलावाच्या पाळीकडे जात होती. कापसाची वेचणी पार दुसऱ्या टोकाला चालली होती. या बाजूला चिटपाखरू नव्हतं.

"तुम्हाले चोर पाह्यजे असते," हरिसिंग म्हणाला. "मले मानूस पाह्यजे असते. आता मले सांगा, त्या डबक्यातल्या पेट्रोलात ऑइल हाये, हे कोनाले मालूम होतं?"

"रामधनले. अमरले."

"मंग ते लोक गाडीत कायले वततीन? खेमसिंग आन सोनू तर मिस्त्री, त्याईले दुरूनच वास येईन. म्हंजे ज्यानं वतलं, त्याच्यासाठी पेट्रोल म्हंजे पेट्रोल. डबक्यात होतं, वतलं."

घनश्यामने होकार भरला.

"आता दुसरं. रविवारी तुम्ही गाडीत बसले तवा काही हाललेलं होतं? आठवून सांगा."

घनश्यामला गुडघे आठवले. "सीट पुढं होतं. आरसा खाली होता. मले वाटलं, खेमसिंगनं केलं असंल."

"माहा पुतन्या ताडावानी हाये. त्यानं सीट पुढं घेतलं असतं तर त्याचे गुडघे तोंडाले लागले असते. तुम्ही उंच, अमर त्याहून उंच. रामधनले गाडी येत नाही. मंग ते सीट कोनासाठी पुढं आलं?"

धुऱ्यावरच्या बोरीत पाखरं कलकलत होती. घनश्यामला एकाएकी वाटलं, की पुढचं ऐकू नये. इथूनच परत फिरावं.

"आता शेवटचं," हरिसिंग म्हणाला. "टिकटिक लागल्यावर तुम्ही गाडी बाहेर काढली होती का? फाट्यापर्यंत, कुठं?"

"नाही. शेडातून हाललीच नाही. सोनूनं बी अथीच पाह्यली."

"म्हनून मी सगळ्याईले एकच गोष्ट इचारली, आवाज कसा येते. रामधननं सांगतलं, शेडात टिकटिक. अमरनं बी तेच. तुम्ही बी तेच सांगता. गाडी शेडातच होती, तर दुसरं कोन काय सांगनार?" त्याने तलावाच्या पाळीकडे पाहिलं. मातीच्या चढावर चाकांच्या दोन रेषा स्पष्ट दिसत होत्या. "मंग चढावर आवाज लईच येते, हे कोनाले मालूम?"

घनश्यामची नजर त्या रेषांवरून घराकडे गेली.

"नाव मी घेनार नाही," हरिसिंग म्हणाला. "माह्या पोराचं नाव साफ झालं, माहं काम झालं. त्या मानसाचं काय कराचं, ते तुमचं तुम्ही पाहा." तो सफारीवरची धूळ झटकून निघून गेला.

घनश्याम धुऱ्यावर बसून राहिला. आणि तिथे बसून त्याने जो विचार केला, त्याची लाज त्याला पुढे जन्मभर वाटत राहिली. त्याला वाटलं, हे कुणाला कळायचं काय कारण? रामधनचं नाव सांगता येईल. चुकून ओतलं म्हणावं. रामधन साधा माणूस, त्याला दोन शब्द बोलले तरी ऐकून घेईल. आईची लाज झाकली जाईल, आपलीही. त्याने वाक्यं जुळवायलाही घेतली होती. मग त्याला शटर ओढणारा खेमसिंग दिसला आणि आपण पुन्हा तेच करतो आहोत, तिसरा माणूस धरतो आहोत, हे त्याच्या ध्यानात आलं. तो उठला आणि घराकडे निघाला.

वच्छलाबाई ओसरीवर धुवट लुगडं नेसून, पायात चपला घालून बसल्या होत्या.

"समजलं तुले," त्याच्या चेहऱ्याकडे पाहून त्या म्हणाल्या. ते विचारणं नव्हतंच.

"माय, तुले गाडी येते?"

"तुह्या बापानं शिकवली. तुमी पोरं शाळेत असले का आमी मळ्यातून पाळीवर जावो. तो म्हने, वच्छले, तू माह्याहून चांगली चालवतं. गावात नाही सांगतलं कधी. त्या काळात कोन आयकून घेतलं असतं?" त्या थोडं थांबल्या. "गाडी नीट झाली आन मले राहावलं नाही. तुमी सगळे येचनीवर गेले का न्यायची. पाळीवर उभी कराची, पानी पाहाचं, परत आनाची. बस, एवढंच."

"मले सांगतलं काहून नाही?"

"इचारलं होतं ना तुले. खेमसिंगनं गाडी आनून देली त्या दिवशी. मी म्हनलं, घनश्याम, एक चक्कर मी मारू का? तू चारचौघात हासला. म्हनला, माय, आता माळ घे हातात, स्टिअरिंग कायले? सगळे हासले. मी बी हासली."

घनश्यामला ते आठवलं. हसलेलं आठवलं, आईचा चेहरा मात्र आठवला नाही. त्याने तेव्हा पाहिलाच नव्हता.

"पेट्रोलचा काटा खाली गेला तर तुले समजंल, म्हनून डबकं वतलं," त्या पुढे म्हणाल्या. "मंग टिकटिक आली. चढावर लईच आली. मी भेली. गाडी झाकून ठेवली आन चूप राह्यली. तू खेमसिंगले चोर म्हनून आला, तरी चूप राह्यली. बुढीनं गाडी चोरून चालवली म्हनून लोक काय म्हनतीन, याच्यातच राह्यली. त्या पोराले म्या माह्या हातानं जेवू घातलं हाये, घनश्याम. आन तीन दिवस माह्या तोंडातून शब्द निंगला नाही." त्या आता रडत होत्या. "मले त्याच्याकडं ने. नाही तर मी पायी जातो."

घनश्याम त्यांच्या पायापाशी बसला. पुशरॉड आईने वाकवला होता, खरं. पण गॅरेजपुढे जे वाक्य त्याच्या तोंडून गेलं, ते कुठल्या डबक्यातून आलं नव्हतं. ते त्याचंच होतं. आधीपासून आत होतं.

५

गाडी ओढून न्यावी लागणार होती. रामधनने ट्रॅक्टर आणला, सोनूने उतरवलेला माल डिकीत ठेवला, साखळी बांधली आणि तोही ट्रॅक्टरवर चढला. मागे स्टिअरिंग धरायला माणूस हवा होता. अमर पुढे झाला तर घनश्यामने त्याचा हात धरला. "तू नको," तो म्हणाला आणि मग, इतक्या वेळात पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ पाहून, "चुकलो मी पोरा." अमरने मान हलवली.

घनश्यामने किल्ली आईच्या हातात दिली.

भर दुपारी, बाजारपेठेतून, ट्रॅक्टरमागे अँबॅसिडर निघाली आणि स्टिअरिंगवर डोईवर पदर घेतलेल्या वच्छलाबाई. सीट पुढे ओढलेलं होतं. लोक दुकानांतून बाहेर आले. कुणी हसलं, कुणी मोबाइल काढला. घनश्याम गाडीच्या बाजूने पायी चालत होता आणि कुणी विचारलं की थांबून सांगत होता. मायनं चालवली होती. खेमसिंगनं काही केलं नाही. मी खोटं बोललो. पहिल्यांदा सांगताना जीभ जड झाली. दहाव्यांदाही तेवढीच जड होती.

खेमसिंग गॅरेजवर नव्हता. ट्रॅक्टर तांड्यापर्यंत गेला. गाडी थांबताच बायामाणसं जमली. खेमसिंग घरातून बाहेर आला. त्याची आई जमनाबाई दारात उभी राहिली, राखी तिच्यामागे. हरिसिंग लिंबाखाली खाटेवर बसला होता, पण आज त्याने कुणाला काही विचारलं नाही.

वच्छलाबाई उतरल्या आणि खेमसिंगच्या पायाकडे वाकू लागल्या. त्याने त्यांना मधेच धरलं. "काकी, असं नको करू. हरिसिंगकाकानं सांगतलं मले. तू बस."

मग घनश्याम पुढे आला. त्याने वाटेत ठरवलेलं सगळं एका दमात सांगितलं. माल त्याचाच निघाला, पुशरॉड कशाने वाकला, चोरी झालीच नव्हती. "तुले चोर म्हनलो, ते खोटं होतं. सगळ्याईसमोर म्हनलो होतो, सगळ्याईसमोर वापस घेतो. माफ कर मले."

तांड्यावर सगळे खेमसिंगकडे पाहत होते. तो गाडीकडे पाहत होता.

"चोर म्हनला त्याचं मले एवढं नाही लागलं," शेवटी तो म्हणाला. "माल हरवला वाटलं, दोस्तावर शक गेला, होते असं. पन त्याच्यावर तू अजून एक बोलला होता."

घनश्यामने राखीकडे पाहिलं.

"ते बी वापस घे. पन अगोदर बोलून दाखव, काय म्हनला होता ते. याईनं आयकलं नाही." त्याने जमलेल्यांकडे हात केला. "माह्या याडीनं, माह्या मायनं नाही आयकलं. राखीनं आयकलं. ती तवापासून काही बोलत नाही."

घनश्यामने पाहिलं. म्हाताऱ्या बाया होत्या, कडेवर पोरं घेतलेल्या सुना होत्या, शेतातून आलेले गडी होते. यांतल्या कित्येकांच्या घरी तो लग्नात जेवला होता. त्या दिवशी रागात जे वाक्य तोंडातून सहज निसटलं होतं, ते आता तोंडातून निघेना. त्याने दोनदा प्रयत्न केला. मग खाली मान घालून, तुटक तुटक, एकेक शब्द त्याने म्हटला. तुम्हा. तांड्यावाल्याईच्या. रक्तातच. हाये हे.

कुणी ओरडलं नाही. एका म्हातारीने तोंडाला पदर लावला आणि ती घरात निघून गेली. ओरडणं सोपं गेलं असतं.

"हे माह्या मनातलं होतं," घनश्याम म्हणाला. त्याला रडू फुटलं होतं. "राग आला म्हनून निंगलं, असं मी नाही म्हनत. मनात होतं. मले मालूम नव्हतं का हाये म्हनून. मले लाज वाटते."

जमनाबाई दारातून हलली नाही. राखीने आजीच्या खांद्यावर हात ठेवला आणि पहिल्यांदाच बोलली, तेही बापाशी. "बापू, चहा ठेवू का वच्छलाआजीसाठी?"

"ठेव," खेमसिंग म्हणाला. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, बोनट उघडून पाहिलं आणि ते सावकाश खाली ठेवलं. "टाकी धुवा लागन. व्हॉल्व काढून घासतो. काकी, गाडी झाली का तुलेच बलावतो न्यायले."

"मी येऊ?" घनश्यामने विचारलं.

खेमसिंगने त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. दुसरं काय होतं ते घनश्यामला ओळखता आलं नाही.

"नको," तो म्हणाला. "आत्ताच नको."

वच्छलाबाईंसाठी खाट आली, चहा आला. रामधनला, सोनूला कप मिळाले. घनश्याम थोडा वेळ उभा राहिला आणि मग एकटाच तांड्याची वाट उतरून गावाकडे चालू लागला.